एलजी वेबओएस टीव्ही: चित्र झकास, पण ‘लाइव्ह प्लस’ आधी बंद करा

चवथीच्या ऑफरमध्ये टीव्ही घेतला की घरी माणूस येतो, भिंतीला ब्रॅकेट मारतो, वायफाय जोडतो आणि पडद्यावर अटींची यादी आली की ‘सगळं मान्य’वर रिमोट दाबून मोकळा होतो. चित्राबद्दल, मॅजिक रिमोटबद्दल तक्रार नाही. गोम आहे ती त्या एका दाबण्यात.

त्या यादीत ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’ असतं. ते मान्य केलं की टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे, आवाजाचे ठसे काढून सर्व्हरवरच्या नमुन्यांशी ताडतो आणि काय चाललंय ते ओळखतो. याला एसीआर (ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन) म्हणतात, आणि एलजीच्या टीव्हीत त्याचं बटण म्हणजे ‘लाइव्ह प्लस’. ‘आमच्याकडे डिशचा बॉक्स, आम्हाला काय?’ असं समजू नका. एचडीएमआयमधून आलेलं चित्रही त्यात येतं, मग तो लॅपटॉप का असेना. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी इतरांसोबत २०२४ साली ब्रिटन-अमेरिकेत केलेल्या चाचणीत एलजीचा टीव्ही दर १५ सेकंदांनी, सॅमसंगचा दर मिनिटाला हे ठसे पाठवताना दिसला. नकार दिल्यावर मात्र पाठवणं थांबलं, हेही सांगायला हवं.

बंद करण्याची वाट अशी: सेटिंग्ज, ऑल सेटिंग्ज, जनरल, सिस्टम, अ‍ॅडिशनल सेटिंग्ज. मॉडेलनुसार नावं थोडी पुढंमागं होतात. तिथं ‘लाइव्ह प्लस’ ऑफ करा. शेजारी जाहिरातींच्या भागात ‘लिमिट अ‍ॅड ट्रॅकिंग’ असतं, ते मात्र ऑन ठेवायचं. (उलटसुलट भाषा मुद्दाम असावी!) मग सपोर्टमधल्या ‘यूजर अ‍ॅग्रीमेंट्स’मध्ये व्ह्यूइंग, व्हॉइस आणि इंटरेस्ट-बेस्ड जाहिराती यांच्यापुढची टिक काढून टाका. व्हॉइसची काढली की माइकवरून शोधणं बंद पडतं, नाव टाइप करावं लागतं. जाहिराती यानं कमी होत नाहीत, फक्त तुमच्यावर नेम धरून येत नाहीत. आणि यूट्यूब आपला हिशेब वेगळा ठेवतं. तो गूगल खात्यातून थांबवायचा.

कळंगुट-हणजूणला फ्लॅट भाड्यानं देणाऱ्यांचा घोळ निराळाच. पाहुणा जातो, त्याचं नेटफ्लिक्स टीव्हीतच राहतं. फॅक्टरी रिसेट मारला की खाती पुसली जातात, पण अटींची यादी परत उभी राहते, आणि साफसफाईच्या गडबडीत कुणीतरी पुन्हा ‘सगळं मान्य’ दाबतो. म्हणून रिसेटनंतरची यादी मालकानंच उरकावी.

नुसतं केबल बघणाऱ्या घरात वायफाय जोडूच नये. अपडेट पेनड्राइव्हनंही होतो.