बीपीचा हिरवा सूर्य : एका रीब्रँडिंगचा रिव्ह्यू

रीब्रँडिंग, म्हणजे कंपनीचं नाव-लोगो बदलून नवी ओळख देणं, ही पैसे मोजून घेतलेली सेवा असते. डिझाइनवाले, जाहिरातवाले, बोर्ड बसवणारे कंत्राटदार, सगळ्यांची बिलं निघतात. तेव्हा काय मागवलं, काय मिळालं आणि ते किती टिकलं, हे तपासायला हरकत नसावी. तेल कंपन्यांमधला सर्वांत शिकण्यासारखा नमुना बीपीचा, म्हणजे पूर्वीच्या ‘ब्रिटिश पेट्रोलियम’चा. २४ जुलै २००० रोजी नवा लोगो जाहीर झाला. चिन्ह लँडॉर या एजन्सीचं, जाहिरात ऑगिल्व्ही अँड मेदरची आणि निर्णय कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन ब्राउन यांचा.

गरज खरी होती, हे आधी मान्य करायला हवं. १९९८च्या शेवटी ब्राउन यांनी सुमारे ४८ अब्ज डॉलरच्या व्यवहारात अमेरिकेची अमोको ही तेल कंपनी घेतली. २०००मध्ये आर्को ही अमेरिकी तेल कंपनी आणि वंगणतेलाची बर्मा कॅस्ट्रॉल आल्या. चार कंपन्या, चार कामाच्या पद्धती आणि वर ‘बीपी अमोको’ हे जोडनाव. अशा जोडनावात कोण कुठून आलं, हे व्हिजिटिंग कार्डावरच दिसतं. ढालीच्या आकाराचा जुना लोगो आणि ‘ब्रिटिश’ हा शब्द अमेरिकेत विकणं अवघड होतं. त्यात ब्राउन यांनी मे १९९७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हवामानबदलाचा धोका जाहीरपणे मान्य केला होता. त्या काळात बड्या तेल कंपनीचा प्रमुख असं बोलत नसे. म्हणजे सांगायला काहीतरी होतं.

चिन्हाचं काम उत्तम झालं. सूर्यदेवाच्या नावावरून त्याला ‘हेलिऑस’ म्हणतात : एकमेकांवर चढलेल्या पाकळ्या, बाहेर हिरव्या, आत पिवळ्या, मधोमध पांढऱ्या, आणि वरच्या कोपऱ्यात छोट्या लिपीतली दोन अक्षरं. जुन्या ढालीचे हिरवा-पिवळा हे रंग तसेच ठेवले, त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकाला पंप ओळखू येत राहिला. अक्षरं काढली तरी चिन्ह ओळखू येतं, त्यामुळे लिपी बदलली म्हणून अडत नाही. एवढ्या वर्षांत त्याला हात लावावा लागला नाही. पाचपैकी साडेचार.

अंमलबजावणी त्याहून कठीण असते. जगभरातले सुमारे २८,००० पंप चार वर्षांत बदलायचे होते. एका पंपावर काय काय बदलतं, ते पाहा : छताच्या कडेची पट्टी, दर दाखवणारा खांब, प्रत्येक डिस्पेन्सरचं (पेट्रोल भरायच्या यंत्राचं) आवरण, दुकानाची पाटी, गणवेश, टँकरवरचं चित्र. यात नेहमीची चूक म्हणजे अर्धवट बदल. खांब नवा आणि डिस्पेन्सर जुना असेल, तर गिऱ्हाइकाला पंप विकला गेलाय असं वाटतं. बीपीने बरंच नीट केलं आणि जिथे गरज नव्हती तिथे शहाणपणाने हात आखडता घेतला. २००२मध्ये जर्मनीची अराल ही पंपांची साखळी ताब्यात आल्यावर तिथल्या बीपीच्या पंपांवरच अरालचा निळा बोर्ड चढला, कारण जर्मन गिऱ्हाईक अरालला मानतं. कॅस्ट्रॉलचं नावही तसंच राहिलं. जिथे जुनं नाव पैसा मिळवतंय तिथे नवं लादू नये, हे इतक्या मोठ्या कंपनीत फार कमी वेळा पाळलं जातं. इथे चार गुण.

घसरण सुरू होते घोषवाक्यापासून. ‘बियॉन्ड पेट्रोलियम’ म्हणजे पेट्रोलियमच्या पलीकडे. कायद्याने कंपनीचं नाव कधीच हे नव्हतं, ती फक्त जाहिरातीची ओळ होती. पण ती चवीबद्दल किंवा सेवेबद्दल नव्हती, कंपनी काय विकते याबद्दल होती, आणि असं वाक्य ताळेबंदात तपासता येतं. १९९९मध्ये सोलारेक्स ही सौरऊर्जा कंपनी पूर्णपणे घ्यायला बीपीने साडेचार कोटी डॉलर दिले. पुढच्या वर्षी आर्कोसाठी मोजले सुमारे २७ अब्ज. आकडे शेजारी ठेवले की पलीकडे किती आणि अलीकडे किती ते कळतं. २००५मध्ये पर्यायी ऊर्जेसाठी दहा वर्षांत ८ अब्ज डॉलरची घोषणा झाली, ती गंभीर होती. पण सौर विभाग २०११च्या अखेरीस बंदच केला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तरीही खरा दोष सौरऊर्जेत नाही. बहुतेक टीकाकार तिथेच थांबतात आणि मुद्दा हुकतो. हिरव्या पाकळ्या लावणाऱ्या कंपनीकडून लोकांची पहिली अपेक्षा एवढीच असते की आहे ते तेल नीट सांभाळावं. तिथे नेतृत्व कमी पडलं.

टेक्सस सिटीची रिफायनरी अमोकोकडून आलेली. विलीनीकरणानंतर १९९९मध्ये रिफायनऱ्यांना स्थिर खर्चात २५ टक्के कपात करायला सांगितलं गेलं. २३ मार्च २००५ रोजी तिथलं आयसोमरायझेशन युनिट, म्हणजे पेट्रोलचा दर्जा वाढवणारा विभाग, दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू होत होतं. सुमारे १७० फूट उंच मनोऱ्यात द्रव भरत होता आणि बाहेर काढायची वाट बंद होती. पातळी दाखवणारं उपकरण फक्त तळाच्या काही फुटांपुरतं होतं. प्रत्यक्षात द्रव दीडशे फुटांवर गेला, तेव्हा पडद्यावर पातळी दहा फुटांच्या आत आणि हळूहळू उतरताना दिसत होती. वेगळा हाय-लेव्हल अलार्म वाजलाच नाही. दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडले आणि सगळा माल जुन्या ब्लोडाउन ड्रममध्ये, म्हणजे जास्तीचा माल सोडायच्या टाकीत, गेला. त्या ड्रमची चिमणी थेट हवेत उघडत होती. तो फ्लेअरला, म्हणजे वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीला, जोडला असता तर निकाल वेगळा लागला असता. चिमणीतून द्रवाचा फवारा उडाला, वाफ जमिनीलगत पसरली, पेटून स्फोट झाला आणि जवळ उभ्या केलेल्या ट्रेलर-ऑफिसांमध्ये व आसपास १५ माणसं गेली; एकूण १८० जखमी झाली.

या अपघातानंतर नेमलेल्या, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या समितीने जानेवारी २००७मध्ये नेमकं बोट ठेवलं : कंपनी वैयक्तिक अपघात मोजत होती, प्रोसेस सेफ्टी, म्हणजे गळती-स्फोट टाळणारी यंत्रणेची सुरक्षितता, नाही. कोण घसरून पडला, कोणाचा हात कापला, हा आकडा सुंदर दिसत होता. पण तो आकडा मनोरा ओसंडणार की नाही हे सांगत नाही. ब्राउन यांच्या पद्धतीत प्रत्येक बिझनेस युनिटच्या प्रमुखाशी कामगिरीचा करार असे आणि हे प्रमुख बऱ्यापैकी लवकर बदलत. ज्याची बदली दोन वर्षांत होणार, त्याच्यासाठी दहा वर्षांनी फळ देणारी दुरुस्ती म्हणजे नुसता खर्च.

अलास्कातही तेच. मार्च २००६मध्ये प्रुडो बे इथल्या ३४ इंची पाइपलाइनमधून २ लाख गॅलनपेक्षा जास्त कच्चं तेल सांडलं. ही लाइन मोठ्या प्रवाहासाठी बांधलेली. उत्पादन घटलं तसा वेग मंदावला आणि पाणी-गाळ तळाशी बसून पोलाद आतून गंजत गेलं. उपाय ठाऊक असतो : पाइपमधून ‘पिग’ सोडायचा. साधा पिग गाळ खरवडतो, स्मार्ट पिग भिंतीची जाडी मोजतो. या लाइनमध्ये स्मार्ट पिग शेवटचा गेला होता १९९८मध्ये, म्हणजे नव्या लोगोच्याही आधी. ऑगस्टमध्ये दुसऱ्या लाइनवरही गंज सापडला आणि त्या तेलक्षेत्राचं उत्पादन अंशतः बंद करावं लागलं. नेतृत्वाला दोन गुण, तेही स्टॅनफर्डच्या भाषणासाठी.

२०१०बद्दल थोडक्यातच, कारण ते सर्वांना माहीत आहे. मेक्सिकोच्या आखातात बीपीची विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट होऊन ११ जण गेले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड यांनी ‘मला माझं आयुष्य परत हवंय’ असं म्हणून उरलीसुरली सहानुभूती घालवली. रीब्रँडिंगच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. अमेरिकी राजकारण्यांनी भराभर ‘ब्रिटिश पेट्रोलियम’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दहा वर्षं झाकलेलं नाव गरज पडताच वर आलं. आणि बहिष्काराचा मार बसला स्थानिक पंपमालकांना. अमेरिकेतले बहुतेक बीपी पंप कंपनीच्या मालकीचे नव्हतेच. करारामुळे पाटी मात्र बीपीची. ब्रँड भाड्याने घेणाऱ्याने करार करताना हे वाचावं : मूळ कंपनीची अब्रू गेली तर पाटी उतरवायची मुभा आहे का, आणि खर्च कोणाचा? २०१७मध्ये बीपीने अमेरिकेत काही पंपांवर अमोकोची पाटी पुन्हा आणली.

दुसरी आवृत्ती आली २०२०मध्ये. तेव्हाचे प्रमुख बर्नार्ड लूनी यांनी लोगो न बदलता आश्वासन बदललं : २०३०पर्यंत तेल-वायू उत्पादनात ४० टक्के घट. बारीक अक्षरं वाचली तर त्यात रॉसनेफ्ट या रशियन तेल कंपनीतला बीपीचा वाटा धरलेला नव्हता. फेब्रुवारी २०२३मध्ये ४०चे २५ टक्के झाले. सहकाऱ्यांशी असलेल्या वैयक्तिक संबंधांची पूर्ण माहिती संचालक मंडळाला न दिल्यामुळे सप्टेंबरमध्ये लूनी गेले. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांच्यानंतरचे प्रमुख मरे ऑचिनक्लॉस यांनी तेल-वायूवरची गुंतवणूक वर्षाला १० अब्ज डॉलरवर नेत ऊर्जा-संक्रमणावरची ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्तने कापली. पहिलं आश्वासन निदान मोघम होतं. यात आकडा आणि तारीख दोन्ही होतं, म्हणून मोडलेलं लख्ख दिसलं. दीड गुण.

क्रम कसा असावा, हे डेन्मार्कच्या डाँग एनर्जीने दाखवलं. नावात ‘डॅनिश तेल आणि नैसर्गिक वायू’ असलेल्या या कंपनीने २०१७मध्ये आधी तेल-वायूचा धंदा इनेऑस या रसायन कंपनीला विकला आणि मग त्याच वर्षी ‘ओर्स्टेड’ नाव घेतलं. त्याने सुखाचे दिवस आले असं नाही; २०२३मध्ये अमेरिकेतले दोन समुद्री पवनऊर्जा प्रकल्प सोडून द्यावे लागले आणि मोठा तोटा दाखवावा लागला. पण तो धंद्याचा तोटा होता, पाटीने फसवल्याची तक्रार कोणी केली नाही.

पुढच्या वेळी एखादी तेल कंपनी नवं नाव किंवा नवा रंग घेऊन आली, तर जाहिरातीआधी वार्षिक अहवालातली तीन ठिकाणं उघडा. भांडवली खर्चाची विभागणी आधी, म्हणजे नव्या धंद्याला शंभरात किती. मग प्रमुखाच्या बोनसचं सूत्र : त्यात प्रोसेस सेफ्टीला वजन किती आणि रोखीला किती. शेवटी लक्ष्याची व्याख्या, कारण ‘उत्सर्जन’ आणि ‘उत्सर्जनाची तीव्रता’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीव्रता, म्हणजे विकलेल्या प्रत्येक युनिट ऊर्जेमागचा धूर, घटवत एकूण धूर वाढवता येतो आणि तरीही लक्ष्य गाठलं असं छापता येतं.