डेल्टा व्हीएफडी-ईएल: पट्ट्याचा वेग हर्ट्झमध्ये बसवताना

छोट्या कन्व्हेयरसाठी हा ड्राइव्ह, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटारीचा वेग बदलणारं उपकरण, पुरेसा आहे. फक्त त्याच्या डिस्प्लेवरचा ‘यू’चा आकडा (फ्रिक्वेन्सीवरून काढलेला वेग) म्हणजे पट्ट्याचा मोजलेला वेग, असं समजू नका.

व्हीएफडी-ईएल हा ३.७ किलोवॉटपर्यंतचा साधा व्ही/एफ ड्राइव्ह, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा. पॅकिंग लाइनच्या पट्ट्याला याहून जास्त फारसं काही लागत नाही. हर्ट्झऐवजी थेट वेग दाखवायची सोयही यात आहे, पण मॅन्युअल घाईत वाचलं तर तो आकडा पंधरा-वीस टक्के सहज चुकतो.

त्याआधी खोक्यातून काढल्याबरोबरचं काम. फॅक्टरी सेटिंग ६० हर्ट्झ, ४४० व्होल्टचं येतं आणि आपली मोटार ५० हर्ट्झ, ४१५ व्होल्टची. तशीच जोडली तर ५० हर्ट्झला मोटारीला जेमतेम ३६७ व्होल्ट मिळतात. लोड आला की ती दमते, करंट चढतो आणि खापर गिअरबॉक्सवर फुटतं. शिवाय पॉट (वेगाचा फिरवायचा नॉब) पूर्ण फिरवला की ५० नाही, ६० हर्ट्झ जातात. ००.०२ या पॅरामीटरमध्ये (ड्राइव्हमधलं क्रमांकित सेटिंग) ९ टाकलं की सगळं ५० हर्ट्झच्या सेटिंगवर येतं. याने आधी भरलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून हे पहिल्यांदा करा. मग ०१.०२ मध्ये नेमप्लेटवरचा व्होल्टेज आणि ०७.०० मध्ये नेमप्लेटवरचा करंट भरा.

आता हिशेब. उदाहरणाला ०.७५ किलोवॉटची चार पोलची मोटार घेऊ, नेमप्लेटवर १४०० आरपीएम. गिअरबॉक्स ३०:१, त्याच्या शाफ्टवर १५ दातांचं स्प्रॉकेट, ड्रमवर २० दातांचं. एकूण रेशो ४०, म्हणजे ड्रम ३५ आरपीएमने फिरणार. ड्रम ११४ मिमीचा, पट्टा २ मिमी जाड. इथे व्यास ११६ मिमी धरायचा, कारण पट्ट्याचा वेग त्याच्या जाडीच्या मध्यावर धरतात. परीघ ०.३६४४ मीटर आला, त्याला ३५ ने गुणलं की मिनिटाला १२.७५ मीटर. जाडी विसरलात तर पावणेदोन टक्के तिथेच गेले. ड्रमला रबर लॅगिंग (वरचं रबराचं आवरण) असेल तर व्यास लॅगिंगवरून मोजा, ड्रॉइंगमधला घेऊ नका.

१२.७५ भागिले ५० म्हणजे हर्ट्झमागे ०.२५५. हाच गुणक ‘के’ म्हणून ००.०५ मध्ये भरायचा असतो आणि ड्राइव्ह ‘यू’वर आउटपुट फ्रिक्वेन्सी गुणिले के दाखवतो. गोची अशी की ००.०५ एकच दशांश घेतं. ०.२५५ चं ०.३ होतं आणि ५० हर्ट्झला १२.७५ ऐवजी १५ दिसतं. म्हणून के शंभरपट करून २५.५ भरा. मग ‘यू’ सेंटिमीटर प्रति मिनिटमध्ये येतो, १२७५ म्हणजे १२.७५ मीटर. दहापट केलं तर २.६ भरावं लागतं आणि दोन टक्के फरक उरतोच. के जास्तीत जास्त १६०, त्यामुळे शंभरपटीला जागा भरपूर आहे. ‘यू’वर हाच हिशेब दिसावा म्हणून ००.०४ शून्यावर असू द्या. ००.०३ बदलून ड्राइव्ह चालू होताच ‘यू’ दिसेल असंही करता येतं.

खरा घोळ मात्र स्लिपचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीने ठरणाऱ्या सिंक्रोनस वेगापेक्षा मोटार जितकी मागे पडते त्याचा. समजा मिनिटाला ८ मीटर हवेत. सरळ भागाकाराने ३१.४ हर्ट्झ येतात. पण मोटारीची स्लिप फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात कमी होत नाही. तेवढाच लोड असेल तर ती साधारण तितकेच आरपीएम राहते, इथे १५०० वजा १४०० म्हणजे १००. ३१.४ हर्ट्झला सिंक्रोनस वेग ९४१, त्यातून १०० गेले की ८४१, आणि पट्टा ७.६६ मीटरवर. लोड निम्मा असेल तर स्लिप ५०, आणि पट्टा ८.१ च्या वर. डिस्प्ले दोन्ही वेळी ८०० च दाखवतो. म्हणून उलटं मोजा: ८ मीटरला मोटार ८७८ आरपीएम हवी, त्यात नेहमीच्या लोडची स्लिप मिळवा आणि ३० ने भागा (चार पोलच्या मोटारीला हर्ट्झमागे ३० आरपीएम). निम्म्या लोडला ३०.९ हर्ट्झ, पूर्ण लोडला ३२.६. लोड सारखा बदलत असेल तर ०७.०३ चं स्लिप कॉम्पेन्सेशन थोडं थोडं वाढवून बघा. पण ते करंटवरून अंदाज बांधतं, म्हणून ०७.०१ मध्ये बिनलोडचा करंट नीट भरलेला हवा.

खात्रीला टॅको (वेगमापक) नसला तरी चालतं. पट्ट्यावर खडूने रेघ मारा आणि स्टॉपवॉच लावा. ८.४ मीटरच्या पट्ट्याचे पाच फेरे २०० सेकंदांत झाले तर वेग १२.६. एकदा रिकामा, एकदा माल भरून मोजा. माल भरल्यावर वेग स्लिपच्या हिशेबापेक्षा जास्त घटला तर पट्टा ड्रमवर घसरतोय. तिथे टेन्शन बघायचं, ड्राइव्ह नाही.

रोजचं चालणं १०-१५ हर्ट्झवर येत असेल तर फ्रिक्वेन्सीशी खेळू नका, स्प्रॉकेट बदला. कन्व्हेयरला टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच लागतो, पण शाफ्टवरचा पंखा मंदावल्याने मोटार तापते. आणि १० हर्ट्झला पूर्ण लोडवर हिशेबातले २८० आरपीएम प्रत्यक्षात २०० च्या आसपास उतरतात.

डेल्टाच्याच एमएस३०० मध्ये ही दशांशाची कटकट नाही. ००-२५ मध्ये दशांश ठरवा, ००-२६ मध्ये कमाल वेग टाका. फक्त तो आकडा ०१-०० च्या कमाल फ्रिक्वेन्सीशी बांधलेला असतो. ती ५० ची ६० केलीत तर ००-२६ ही बदलावं लागतं. ईएलचा के दर हर्ट्झमागचा असल्याने त्याला हा त्रास नाही. वेग रोज बदलणार असेल आणि ऑपरेटर मीटरमध्येच बोलत असेल तर एमएस३०० घ्या. एकदा बसवून सोडून द्यायचा पट्टा असेल तर ईएल घ्या आणि पॅनेलच्या दारावर ‘यू भागिले १०० = मीटर प्रति मिनिट’ अशी पट्टी चिकटवा. शेजारी ड्रमचा व्यास आणि के लिहून ठेवा, लॅगिंग बदललं की दोन्ही बदलतात.