'दि'चा 'द' केला आणि माझे नऊशे डॉलर गेले

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत द्यायचा, असं मी ठरवलं होतं. आम्ही माँट्रियलला राहतो, नवरा इथलाच, क्युबेकचा फ्रेंच. माझ्या माहेरी छापील कुलवृत्तांत फडताळात असायचा, म्हणून ही कल्पना. इंटरनेटवर एक 'वंशावळतज्ज्ञ' भेटला. बोलणं गोड, पैसे आगाऊ. दोन महिन्यांत जाडजूड पुस्तक आलं, सोबत सोनेरी चौकटीत घराण्याचं मानचिन्ह असलेली ढाल. मूळपुरुष म्हणे फ्रान्सचा सरदार, 'द लाफ्लर'. सासऱ्यांचे डोळे भरून आले. ढाल दिवाणखान्यात लागली.

पुढे घरी आलेल्या आत्तेसासूबाईंनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, "हा 'द' कुठून आला? आपल्यात तर 'दि' म्हणतात."

सगळी गोम तिथेच होती. क्युबेकमध्ये जुन्या काळी बऱ्याचदा एकाच माणसाला दोन आडनावं असत, मधे 'दि'. अर्थ, 'म्हणजेच'. १६६५ मध्ये फ्रान्सच्या फौजेतल्या कारिन्यान-सालिएर रेजिमेंटचे सुमारे १२०० शिपाई इथे आले, त्यातले चारेकशे इथेच राहिले. फौजेत शिपायांना टोपणनावं असत: लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बेफिकीर. पुढे मुलांपैकी कुणी मूळ आडनाव लावलं, कुणी टोपणनाव, त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी झाली. आमच्या 'वंशावळतज्ज्ञा'ने मूळ आडनाव गाळलं, 'दि'च्या जागी 'द' घातला आणि शिपायाचा सरदार केला. फ्रेंचमध्ये 'द' म्हणजे नुसतं 'चा', तो असला म्हणजे माणूस सरदार, हेही खरं नाहीच. आणि ढाल फ्रान्समधल्या कुठल्या तरी भलत्याच लाफ्लरांची!

मग मी स्वतः चर्चच्या नोंदवह्या उघडल्या. क्युबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या फुकट दिसतात, हे मला आधी कळलं असतं तर! तिसऱ्या पिढीतला पुस्तकातला जोसेफ दोन वर्षांचा असतानाच वारला होता, दफनाची नोंद आहे. मूल गेलं की तेच नाव पुढच्या मुलाला द्यायची इथे रीत होती, शिवाय बाप्तिस्म्यात बहुतेक मुलग्यांच्या नावात जोसेफ आणि मुलींच्या नावात मारी असायचंच. या गृहस्थाने पहिला जोसेफ दिसला तो उचलला आणि त्याला सात मुलं चिकटवली.

लग्नाच्या नोंदीत बायकोचं माहेरचं नाव असतं, पुढे मुलांच्या बाप्तिस्म्यातही तेच. त्यावरून जोडपं पक्कं करता येतं. पुस्तकात एकाही बाईचं माहेरचं नाव नव्हतं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. माझ्या आजीचं लग्नात नावच बदललं, तिचं माहेरचं नाव शोधायला मला किती फोन करावे लागले होते!

तुम्ही कुणाकडून असं काम करून घेणार असाल तर प्रत्येक पिढीसाठी गावचं चर्च, तारीख आणि मूळ पानाचा फोटो मागा, आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आडनावावरून ढाल विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मानचिन्ह ज्याला मिळालं त्याचं आणि त्याच्या वंशजांचं असतं, त्या आडनावाच्या प्रत्येकाचं नसतं.

तो माणूस आता फोन उचलत नाही. सासऱ्यांनी ढाल स्वतः उतरवली. तिथे आता एका पूर्वजाच्या लग्नाच्या नोंदीची छापील प्रत आहे. खाली लिहिलंय की नवरा-नवरी दोघांनाही सही करता येत नाही.