घरात वायरने जोडायची उपकरणं वाढली तर: साधा स्विच, जुना राउटर, पॉवरलाइन की आणखी काही?

राउटरच्या पाठीमागे इंटरनेटसाठी एक पोर्ट आणि घरातल्या उपकरणांसाठी साधारण चार लॅन पोर्ट असतात. नव्या राउटरांपैकी कित्येकांवर तर दोन-तीनच. टीव्ही, डेस्कटॉप, गेमिंग कन्सोल आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जोडला की जागा संपली. मग प्रिंटर किंवा फाइली साठवायला नॅस घेतला, की कुणाची तरी वायर काढायची वेळ येते. उरलेलं वायफायवर टाकता येतं, हे खरं. पण जे उपकरण जागचं हलणार नाही त्याला वायरच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. तेवढी गर्दी कमी झाली की फोन आणि लॅपटॉपनाही वायफाय चांगलं मिळतं.

पोर्ट वाढवायला पर्याय बरेच आहेत आणि दिसायला सगळे सारखेच वाटतात. निवडण्याआधी दोन गोष्टी पाहा. उपकरणं एकाच कोपऱ्यात आहेत की वेगवेगळ्या खोल्यांत? आणि त्यांना नुसतं इंटरनेट हवंय, की ती आपसातही मोठ्या फाइली पाठवणार आहेत? बहुतेक निर्णय या दोन उत्तरांतच होऊन जातो.

सगळं एका जागी असेल तर

साधा, म्हणजे अनमॅनेज्ड, गिगाबिट स्विच घ्या. त्यात सेटिंग नाही, पासवर्ड नाही, ॲप नाही. राउटरच्या एका लॅन पोर्टातून केबल काढायची, स्विचच्या कुठल्याही पोर्टात लावायची आणि उरलेल्या पोर्टांत उपकरणं जोडायची. कुठल्या पोर्टावर कोणतं उपकरण आहे हे स्विच आपणहून शिकतो आणि ज्याचं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) त्यालाच देतो. आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचे आकडे, राउटरच वाटत राहतो, त्यामुळे स्विच मध्ये आला आहे याचा उपकरणांना पत्ताही नसतो.

मोजताना एक लक्षात ठेवा: पाच पोर्टांच्या स्विचचं एक पोर्ट राउटरकडे जाण्यात खर्च होतं. शिवाय राउटरचंही एक पोर्ट त्यासाठी जातं. म्हणजे निव्वळ वाढ तीनच. आज चार उपकरणं असतील तर सरळ आठ पोर्टांचा घ्यावा.

‘सगळ्यांचा वेग वाटून जाईल ना?’ ही शंका हमखास येते. स्विचमागची सगळी उपकरणं राउटरपर्यंत एकाच केबलने जातात, हे बरोबर आहे. पण ती केबल १००० एमबीपीएसची (सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजेच एक गिगाबिट) आहे. इंटरनेटचं कनेक्शन २०० किंवा ३०० एमबीपीएसचं असेल तर ती त्यामुळे कधीच भरणार नाही. स्विचमुळे होणारा उशीरही नगण्य असतो. १५०० बाइटचं पाकीट गिगाबिट वेगाने आत घ्यायला १२ मायक्रोसेकंद लागतात. वायफायवर याच्या शेकडोपट चढउतार होतच असतो. गेम खेळणाऱ्यांनी याची चिंता करू नये.

आपसातल्या फाइलींच्या बाबतीत तर स्विच राउटरपेक्षा सरस ठरू शकतो. स्वस्त राउटरांचे लॅन पोर्ट आजही कधी कधी १०० एमबीपीएसचे असतात. अशा राउटरवर डेस्कटॉप आणि नॅस थेट जोडले तर फाइल सेकंदाला साधारण ११-१२ एमबीने (मेगाबाइटने; आठ बिटचा एक बाइट) सरकते. ५० जीबीचे फोटो आणि व्हिडिओ हलवायला सव्वा तास जातो. तीच दोन्ही उपकरणं एका गिगाबिट स्विचवर ठेवा. त्यांची देवाणघेवाण राउटरपर्यंत जातच नाही, स्विचमधल्या स्विचमध्ये होते आणि तेच काम सात-आठ मिनिटांत उरकतं. राउटर तोच राहतो.

आता जुना राउटर. कपाटात पडलेला असतो, म्हणून स्विचऐवजी तो वापरायचा मोह होतो. चालतो, पण आधी त्याची तयारी करावी लागते. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, त्याचा लॅन पत्ता बदलायचा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि मुख्य राउटर तो पत्ता दुसऱ्या कुणाला देणार नाही हे पाहायचं), मग मुख्य राउटरच्या लॅनमधून याच्या लॅनमध्ये केबल टाकायची. इंटरनेटचं पोर्ट रिकामं सोडायचं. ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर यातलं बरंच काम एका क्लिकवर होतं.

हे न करता केबल इंटरनेटच्या पोर्टात लावली तर घरात एकात एक अशी दोन नेटवर्कं तयार होतात. ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतात, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण मुख्य राउटरवरच्या लॅपटॉपला जुन्या राउटरमागचा प्रिंटर सापडत नाही. लॅनमध्ये लावून डीएचसीपी चालूच ठेवलं तर दोघंही पत्ते वाटू लागतात. उपकरण ज्याच्याकडून पत्ता घेईल त्यावर इंटरनेट चालणार की नाही हे ठरतं. असा बिघाड शोधणं फार जिकिरीचं.

माझ्या मते जुना राउटर स्विचला एकाच बाबतीत हरवतो: त्या खोलीत वायफायही पोहोचवायचं असेल तेव्हा. वायफाय नको असेल तर तो विनाकारण जास्त वीज खातो, जागा अडवतो, आणि कुणी चुकून रीसेट केला की डीएचसीपी पुन्हा चालू होऊन बसतं. पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत का, हेही तपासा. जुन्या राउटरांत बऱ्याचदा तसेच असतात.

एका प्लगचे दोन करणारे इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचे स्प्लिटर घेऊ नका. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन. यातले काही स्प्लिटर दोन-दोन जोड्या वाटून देतात. ते केबलच्या दोन्ही टोकांना लावावे लागतात आणि राउटरची दोन पोर्टं वापरतात, म्हणजे पोर्ट वाढतच नाहीत. दुसऱ्या प्रकारात तारा नुसत्या समांतर जोडलेल्या असतात, तिथे एका वेळी एकच उपकरण चालतं.

मॅनेज्ड किंवा ‘स्मार्ट’ स्विचमध्ये व्हीलॅन करता येतं, म्हणजे कॅमेरे आणि इतर उपकरणं एकाच स्विचवर असूनही वेगळी ठेवता येतात. सुरक्षेच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे. मात्र राउटरलाही व्हीलॅन कळलं पाहिजे. अनेक घरगुती राउटरांना ते कळत नाही आणि मग वेगळ्या काढलेल्या कॅमेऱ्यांना इंटरनेटच मिळत नाही. दोन केबल एकत्र बांधून वेग दुप्पट करायचा म्हणून कुणी हा स्विच घेत असेल, तर एकाच फाइलची एकच कॉपी त्याने सहसा वेगवान होत नाही.

तरीही मॅनेज्ड स्विचच्या बाजूने एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, तो लूपचा. समजा, टेबलामागे केबलचं एक टोक मोकळं लोंबतंय. कुणीतरी ते स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचतं, आणि त्या केबलचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये आहे. इथरनेटच्या पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ‘हा पत्ता कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारणारं एक पाकीट त्या वर्तुळात फिरत राहतं आणि दर फेरीला साऱ्या घरभर पाठवलं जातं. स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकू लागतात आणि घरातलं नेटवर्क ठप्प होतं. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना १९८५ मध्ये शोधला, तो स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. मॅनेज्ड स्विचमध्ये तो सहसा असतो, साध्यात बहुधा नसतो. साधा स्विच वापरत असाल तर केबलच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी लावून ठेवा. दिवे वेड्यासारखे लुकलुकले तर एकेक केबल काढत जा; लूपची केबल निघताच सगळं शांत होतं.

उपकरणं वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर

इथे खरी स्पर्धा केबल आणि केबल टाळणाऱ्या पर्यायांत आहे. माझा कौल केबलला.

प्रत्येक उपकरणासाठी राउटरपासून वेगळी केबल न्यायची की प्रत्येक खोलीत एकच केबल नेऊन तिथे छोटा स्विच ठेवायचा? भिंती उघड्या असतील, रंगकाम किंवा वायरिंग चालू असेल, तर खोलीमागे दोन केबल टाकून घ्या. एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. राहत्या घरात मात्र एक केबल आणि खोलीत स्विच हेच व्यवहार्य. स्विचला पुढे स्विच जोडला तरी घरगुती वापरात काही बिघडत नाही. फक्त राउटर यूपीएसवर आणि मधला स्विच साध्या सॉकेटवर, असं होऊ देऊ नका. वीज गेल्यावर वायफाय चालू राहील आणि वायरवरची सगळी उपकरणं बंद पडतील.

केबल नेणं शक्यच नसेल तर पॉवरलाइन अडॅप्टर आहेत. एक राउटरजवळच्या सॉकेटात, दुसरा लांबच्या खोलीत. डेटा विजेच्या तारांतून जातो. खोक्यावर १००० किंवा २००० छापलेलं असतं. तो आकडा तारेवरच्या सैद्धांतिक वेगाचा, हातात त्यापेक्षा खूपच कमी पडतं. किती कमी, हे घराचं वायरिंग ठरवतं: दोन सॉकेट वेगळ्या फेजवर असले, मध्ये स्पाइक गार्ड असला, शेजारी चार्जर किंवा मोटर चालू असली की वेग घसरतो. म्हणून अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा, आणि परत करता येईल अशाच अटीवर घ्या. जोडणीचं बटण दाबून स्वतःची किल्ली (डेटा कुलूपबंद करणारा गुप्त संकेत) जरूर तयार करा, कारण सिग्नल शेजारच्या घराच्या तारांपर्यंतही पोहोचू शकतो. टीव्हीला आणि प्रिंटरला हा पर्याय पुरतो. नॅसला मी कधीच सुचवणार नाही.

मेश वायफाय म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक युनिटांनी मिळून दिलेलं वायफाय. त्याच्या लांबच्या युनिटला बहुधा मागे लॅन पोर्ट असतात. त्यात टीव्ही जोडला की वायर लावल्याचं समाधान मिळतं, पण युनिट मुख्य राउटरशी हवेतूनच बोलतंय, त्यामुळे वायफायचे चढउतार तसेच राहतात. घरात मेश आधीच असेल तर हे पोर्ट खुशाल वापरा, स्वतंत्र वायफाय चिप नसलेल्या उपकरणाची त्याने सोय होते. केवळ या कामासाठी मेश विकत घेणं मला पटत नाही.

घरभर टीव्हीची जुनी कोॲक्सियल केबल टाकलेली असेल तर तिच्यातून डेटा नेणारे मोका अडॅप्टर पॉवरलाइनपेक्षा पुष्कळ भरवशाचे. मोका २.५ मध्ये २.५ जीबीपीएसपर्यंत क्षमता आहे. त्याच केबलवरून डिश अँटेनाचा सिग्नल येत असेल तर मात्र दोघांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येतात, तिथे हा मार्ग सोडा.

केबल कोणती

स्विच निवडताना लोक तासन्‌तास घालवतात आणि केबल हाताला येईल ती उचलतात. खरं तर स्विच पाच मिनिटांत बदलता येतो, भिंतीतली केबल नाही.

कॅट ५ई प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते; २०१६ च्या मानकानुसार तेवढ्याच अंतरावर २.५ जीबीपीएसही चालतं. म्हणजे घरात जुनी कॅट ५ई असेल तर उखडू नका. नवीन टाकताना कॅट ६ घ्या. तिच्यावर १० जीबीपीएस ५५ मीटरपर्यंत जातं आणि घरात एवढं अंतर क्वचितच असतं. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. जाड, ताठ, कोपऱ्यात वळवायला अवघड; घरात तिचा फायदा नाही.

आकड्यापेक्षा धातू महत्त्वाचा. ‘सीसीए’ लिहिलेली केबल म्हणजे वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ती मानकात बसत नाही, तार लवकर तुटते आणि तिच्यातून उपकरणाला वीजही पाठवायची असेल तर जास्त तापते. शुद्ध तांबं लिहिलेलीच घ्या. भिंतीत एकसंध तारेची केबल टाकून तिचा शेवट भिंतीवरच्या सॉकेटात करा. सॉकेटापासून उपकरणापर्यंत लवचीक पॅच केबल वापरा, कारण एकसंध तार रोज हलवली तर आतल्या आत तुटते. विजेच्या वायरला खेटून लांबवर समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

वेग आणि वीज

१०० एमबीपीएसचा स्विच आता घेऊ नये. टीव्हीचं पोर्ट बहुधा १०० चंच असतं आणि ४के व्हिडिओला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात, तेव्हा एकट्या टीव्हीला तो पुरेल. पण उद्या त्याच स्विचवर संगणक येईल. २.५ जीबीपीएसचा स्विच दोन परिस्थितींतच घ्यावा: इंटरनेट कनेक्शन गिगाबिटच्या वरचं असेल, किंवा नॅस आणि संगणक दोघांनाही २.५ चं पोर्ट असेल. एकालाच असेल तर पैसे वाया.

कॅमेरे किंवा छतावरचे ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी उपकरणं) असतील तर पीओई स्विच पाहा. डेटा आणि वीज एकाच केबलमधून जातात, कॅमेऱ्याजवळ सॉकेट लागत नाही. ८०२.३एएफ मानकात स्विच पोर्टामागे १५.४ वॅट देतो, ८०२.३एटीमध्ये ३०. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे पूर्ण स्विचची एकूण वॅट क्षमता. आठ पोर्टांना प्रत्येकी ३० वॅट असं वाटतं आणि सगळे मिळून ६० च निघतात. मानक पीओई आधी उपकरणाला विचारून मगच वीज सोडतं, म्हणून त्यावर साधा संगणक लावला तरी धोका नाही. ‘पॅसिव्ह पीओई’ न विचारता वीज सोडतं. ते ज्या उपकरणासोबत आलंय त्यालाच लावा.

जोडणी झाली की प्रत्येक संगणकावर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग पाहा. तिथे १००० ऐवजी १०० दिसला तर इंटरनेट कंपनीला फोन करू नका. आठ तारांपैकी एक जरी प्लगमध्ये नीट बसली नसेल तरी जोडणी तुटेलच असं नाही, अनेकदा ती मुकाट्याने १०० वर उतरते. स्विचच्या दिव्याचा रंग अनेकदा हेच सांगतो. कुठला रंग कशाचा ते माहितीपत्रकात असतं. आधी पॅच केबल बदला, मग स्विचवरचं पोर्ट बदलून पाहा. तरीही १०० च राहिलं तर भिंतीवरचं सॉकेट उघडून दोन्ही टोकांना तारांच्या रंगांचा क्रम एकच आहे ना आणि प्रत्येक तार खाचेत पूर्ण दाबली गेली आहे ना, ते पाहा.