कॅमचा कोन आणि न पोहोचलेला रकाना : इंदूरच्या एका ट्यूनिंग वर्कशॉपचा अनुभव

माझ्या २००५ सालच्या टोयोटा कोरोलाचा मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गेल्या पावसाळ्यात पाणी शिरून निकामी झाला. जुन्या बाजारातून आणलेले दोन्ही डबे बिघडलेलेच निघाले, तेव्हा मेगास्क्वर्ट-३ हा बाहेरचा ईसीयू बसवण्याचा निर्णय मी नाइलाजाने घेतला. ताकद वाढवण्याची हौस त्यामागे नव्हती, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. गाडी पूर्वीसारखी चालावी एवढीच अपेक्षा होती. सांवेर रोडच्या औद्योगिक भागातील ज्या वर्कशॉपने हे काम केले, त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि ती त्यांनी सुधारलीही आहे.

या गाडीचे १७९४ सीसीचे १झेडझेड-एफई इंजिन व्हीव्हीटी-आय पद्धतीचे आहे, म्हणजे इनटेक कॅमशाफ्ट (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) तेलाच्या दाबावर साधारण ४० अंशांच्या टप्प्यात पुढे-मागे सरकतो. कमी आणि मध्यम फेऱ्यांवर कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि आत आलेली हवा वर चढणाऱ्या पिस्टनमुळे परत ढकलली जात नाही. उलट जास्त फेऱ्यांवर वेगाने येणाऱ्या हवेला स्वतःचाच रेटा असल्याने तो उशिरा मिटणे फायद्याचे ठरते. होंडाच्या मूळ व्हीटेक या व्हॉल्व्ह बदलण्याच्या पद्धतीमध्ये हे काम बटण दाबल्यासारखे ‘इकडे किंवा तिकडे’ होते, त्यामुळे ते जुळवणे तुलनेने सोपे. येथे मात्र प्रत्येक फेरीसंख्येला आणि प्रत्येक भाराला वेगळा कोन द्यावा लागतो. शिवाय कोन बदलला की सिलिंडरमध्ये भरणारी हवा बदलते, म्हणून ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता (किती फेऱ्यांवर आणि किती दाबाला किती पेट्रोल, ते सांगणारा) बदलतो आणि त्यामागोमाग इग्निशनचाही, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचा. मूळ गाडीत हवा मोजणारा सेन्सर हा फरक बराचसा सांभाळून घेतो. आमच्या जुळणीत तो काढून फक्त मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबावरून हवेचा अंदाज करायचा होता, त्यामुळे कॅम चुकला की सगळेच चुकणार होते.

कौतुक आधी वायरिंगचे. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) ३६ दातांपैकी दोन गाळलेल्या चाकाचा सिग्नल आणि कॅमचा सिग्नल यांची तुलना करूनच ईसीयूला कॅमचा कोन कळतो, त्यामुळे त्या दोन तारांत गोंगाट शिरला तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. येथे दोन्ही सेन्सरना जाळीदार वेष्टणाची तार वापरली होती, वेष्टण एकाच टोकाला अर्थ केले होते आणि इंजेक्टरच्या तारांपासून ती वेगळ्या वाटेने नेली होती. हार्नेस (तारांचा जुडगा) बांधताना एकही जोड नुसत्या टेपवर सोडलेला नव्हता. दुसरी गोष्ट मला फार आवडली. लॅपटॉप उघडण्यापूर्वी तेथील उस्तादांनी कॅम हलवणाऱ्या तेलाच्या कंट्रोल व्हॉल्व्हची चाळणी काढली. हेडमधील एका बोल्टमागे बसलेली, करंगळीच्या नखाएवढी ती जाळी तेलाच्या तपकिरी थराने जवळजवळ बुजलेली होती, ती माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, “काका, हे साफ न करता ट्यूनिंग केलं असतं, तर कंप्यूटरला शिव्या देत बसलो असतो.”

वर्कशॉपकडे डायनो (गाडीची ताकद मोजणारे यंत्र) नाही, आणि ही उणीव आहेच. तिच्यावर त्यांनी काढलेला मार्ग मात्र विचारपूर्वक होता. कॅम ०, १०, २०, ३० आणि ४० अंशांवर बांधून प्रत्येक वेळी तोच पहाटेचा रिकामा रस्ता, तोच दुसरा गिअर आणि इग्निशनचा तोच कोन ठेवून नोंदी घेतल्या, आणि ज्या कोनावर ठरलेला लॅम्डा (मिश्रणातील हवेचे प्रमाण; १ म्हणजे नेमके, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) राखण्यासाठी सर्वांत जास्त पेट्रोल द्यावे लागले तेथे सर्वांत जास्त हवा भरते, असे धरले. हा काही टॉर्कचा (ओढीचा) पुरावा नव्हे, पण डायनोशिवाय एवढा प्रामाणिक अंदाजही फार कमी ठिकाणी केला जातो. सगळे आकडे हवा-पेट्रोलच्या गुणोत्तराऐवजी लॅम्डामध्ये ठेवले, हेही योग्यच. शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे गुणोत्तर वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ वर येते, आणि जुना आकडा डोक्यात धरणारा माणूस फसतो.

आता तक्रारी. डिसेंबरच्या थंड सकाळी इंजिन सुरू केल्यावर फेऱ्या ६०० ते १,१०० दरम्यान झोके घेत असत. थंड, घट्ट तेलात कॅम आज्ञा मिळाल्यावर उशिराने हलतो आणि मग ठरलेल्या जागेच्या पुढे जातो. इंजिन ६० अंश सेल्सियसपर्यंत तापेपर्यंत कॅम मूळ जागीच ठेवण्याची अट घालायची राहिली होती. पंधरा मिनिटांचे काम होते, ते झाले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. जानेवारीत आईला महेश्वरला घेऊन गेलो. परत येताना धामनोदच्या पुढे एका ट्रकला ओलांडण्यासाठी तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबले, तर गाडी ओढेना, इंजिनमधून नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटल्याची) खडखड आली आणि डॅशबोर्डवरचा लॅम्डा ०.८७ ऐवजी ०.९७ दाखवू लागला. मी लगेच पाय काढला. आईने मात्र “अरे, ट्रकला जाऊ दे ना पुढं” एवढेच म्हटले. घरी नोंद उघडल्यावर कारण सापडले. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे पेडल पूर्ण दाबूनही मॅनिफोल्डचा दाब ९४ किलोपास्कलच्या वर जात नाही, म्हणून तक्त्यातील ९५ ची ओळ नीट जुळवली गेली आणि तिच्या वरची १०५ ची ओळ सुरुवातीच्या फाइलमध्ये होती तशीच राहिली. नर्मदेच्या खोऱ्यात हाच दाब ९८.५ झाला. ईसीयूने दोन ओळींच्या मधला आकडा काढला आणि ३,००० फेऱ्यांवर कॅमला २० अंशांऐवजी १३ अंशांची आज्ञा दिली, कारण वरच्या ओळीत शून्य होते. तेथेच गाडीची ओढ गेली. पेट्रोलच्या तक्त्यातील वरची ओळ तर गरजेपेक्षा इतकी कमी होती की हवा घटूनही मिश्रण पातळ पडले.

ज्या शहरातून मानपूरचा घाट उतरला की उंची चारशे मीटरने घटते, तेथील ट्यूनरने ही ओळ विसरणे मला अक्षम्य वाटले, आणि तसे मी सांगितलेही. मालकांनी वाद घातला नाही. दोन्ही तक्त्यांची वरची ओळ खालच्या ओळीवरून वाढवून भरली, तेथे इग्निशन दोन अंश मागे घेतले, आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या पेट्रोलच्या खर्चाने माझ्याबरोबर धामनोदपर्यंत येऊन लॅपटॉपवर खात्री करून घेतली. त्या फेरीत कॅम २० अंशांवर स्थिर राहिला आणि लॅम्डा ०.८६ ते ०.८८ मध्ये.

ईसीयू, वाइडबँड लॅम्डा सेन्सर, हार्नेस आणि ट्यूनिंग मिळून १,१८,००० रुपये झाले. त्यातील निम्म्याहून अधिक वस्तूंचेच आहेत. काम दहा दिवसांत देण्याचे सांगून सव्वीस दिवस लावले. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यांनी जागच्या जागी ठेवला आणि पीयूसी पहिल्याच फेरीत मिळाले. गाडीचे अ‍ॅव्हरेज पूर्वीइतकेच आहे. ट्यूनिंगची फाइल कुलूप न लावता माझ्या पेन ड्राइव्हवर दिली, त्यामुळेच मला घरबसल्या ती ओळ शोधता आली. तुम्ही असे काम करून घ्यायला कुठेही गेलात तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तक्त्याची सर्वांत वरची ओळ स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगा.