व्हिएन्नात एक संध्याकाळ: उभ्याने ऑपेरा, बसून ब्राम्स की विगातला मोझार्ट?

व्हिएन्नात नवीन आलेल्या मराठी माणसाचा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला हमखास मेसेज येतो: "एवढं इथे आलोय तर एकदा ते क्लासिकल ऐकायला हवं, कुठे जाऊ?" सोबत बहुतेक वेळा एका रंगीत पत्रकाचा फोटो. स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चसमोर लाल कोट आणि पांढरा विग घालून उभी असलेली पोरं ही पत्रकं वाटतात.

आधी त्या विगवाल्यांचंच उरकते. तिकीट पन्नास युरोपासून शंभराच्या पुढे, पावणेदोन-दोन तासांचा कार्यक्रम, मोझार्ट आणि स्ट्राउसचे ओळखीचे तुकडे. वाजवणारे वाईट नसतात. पण एकाही रचनेत आपण रमत नाही, कारण रमायच्या आत ती संपते. गाण्याच्या भेंड्यांसारखं. काही विगवाले कार्यक्रम तर म्युझिकफेराइन या नावाजलेल्या संगीतगृहाच्या सोनेरी सभागृहातच होतात, त्यामुळे 'मी गोल्डन हॉलमध्ये जाऊन आलो' म्हणणाऱ्याने नक्की काय ऐकलं ते विचारावं लागतं. लहान मुलं सोबत असतील किंवा शहरात एकच रात्र असेल तर जा. इथे राहणाऱ्याने त्याच पैशात आणखी काय काय मिळतं ते आधी बघावं.

खरा प्रश्न उरलेल्या दोन ठिकाणांतला: श्टाट्सओपर, म्हणजे इथलं ऑपेरा हाउस, की म्युझिकफेराइन?

ऑपेरा हाउस 1869 मध्ये उघडलं, 1945 च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात जळलं आणि 1955 च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झालं. चांगल्या खुर्चीला दोनशे युरो सहज पडतात. पण तिथे चारशेच्या वर जागा उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी आहेत. पूर्वी तीन-चार युरोत मिळायच्या, हल्ली दहाच्या वर जातात, तरी स्वस्तच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाजूच्या रस्त्यावरच्या दाराशी रांग लावली, तिकीट घेऊन धावत आत गेले आणि बघते तो काय, पुढच्या बाईने गळ्यातला स्कार्फ काढून कठड्याच्या दांडीला गाठ मारली आणि शांतपणे कॉफी प्यायला निघून गेली. जागा धरली! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांची लेक मी, मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ओढणी सोडली आणि बांधली.

उभ्याच्या जागांतही तळमजल्यावरची, थेट रंगमंचासमोरची बघा. गॅलरी उंच आहे, आवाज छान पोचतो, पण कडेला उभं राहिलात तर अर्धी नायिका दिसते. बॉक्समधल्या मागच्या रांगेची तिकिटं मात्र खुर्ची मिळते म्हणून घेऊ नका. समोरच्याच्या डोक्याची पूर्ण ओळख होते, रंगमंचाची नाही. संवादाचं भाषांतर समोरच्या छोट्या पडद्यावर येतं, उभ्याच्या जागेतही. इंग्रजी आहे, मराठी अर्थातच नाही.

ऑपेरा आपल्याला परका वाटेल ही भीती मला फोल वाटते. ज्याच्या घरात संगीत नाटकाच्या पदांवर वाद झालेत, त्याला नायक मरायच्या आधी पाच मिनिटं गातो याचं नवल वाटत नाही. कथा थांबते, गाणं पुढे होतं, टाळ्या पडतात, कथा पुन्हा चालू. वन्समोअर तेवढा सहसा मिळत नाही. सुरुवातीला 'तोस्का' बघा: दोन मध्यंतरांसकट पावणेतीन तासांच्या आसपास, गोष्ट सरळ, आणि इथलं नेपथ्य 1958 पासून तेच. वाग्नरचा ऑपेरा मात्र पहिल्याच खेपेला उभ्याने नको. पाच तास म्हणजे पंढरीची वारी, तीही एका जागी.

म्युझिकफेराइनचं पारडं वेगळं. सोनेरी सभागृह 1870 चं, खुर्च्या 1744, शिवाय मागे उभ्याची जागा. लांबट खोका, छत वरून टांगलेलं, लाकडी जमिनीखाली पोकळी, म्हणजे सभागृहच तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं वागतं. माइक नाही. सवाईच्या मंडपात मोठ्या स्पीकरमधून ऐकायची सवय असलेल्याला पहिली पाच मिनिटं आवाज कमी वाटतो, मग कान उघडतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या वर्गणीदारांत यायला अनेक वर्षांची प्रतीक्षायादी आहे, पण हट्ट त्यांचाच कशाला? व्हिएन्ना सिम्फनी हा दुसरा वाद्यवृंदही तिथेच वाजवतो आणि तिकीट मिळतं.

बाबांना मी तिथे ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या चौथ्या सिम्फनीला, म्हणजे वाद्यवृंदाच्या चार भागांच्या मोठ्या रचनेला, नेलं होतं. मध्यंतरापर्यंत त्यांचा हात मांडीवर ताल शोधत होता. बाहेर येऊन म्हणाले, "सुरेल आहे गं, पण सम काही सापडत नाही." मग मी सांगितलं की सिम्फनी आता आहे, आणि तिच्या शेवटच्या भागात आठ मापांचं एक आवर्तन आहे, प्रत्येक माप तीन मात्रांचं, ते तीस वेळा वेगवेगळ्या रूपात येतं. त्या भागात बाबा बोटांच्या पेरांवर चोवीस मोजत बसले. कितव्या आवर्तनात चुकले ते सांगितलं नाही, पण मोजणं सोडलं नाही.

तिथला एक जाच म्हणजे टाळ्या. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये वाजवायच्या नाहीत. बाबांनी पहिल्या भागानंतर वाजवल्या, आणि पुढच्या आजींनी मान वळवून पाहिलं. आता गंमत बघा: 1897 च्या मार्चमध्ये याच सभागृहात, याच सिम्फनीला, आजारी ब्राम्स समोर बसलेले असताना लोकांनी प्रत्येक भागानंतर टाळ्या वाजवल्या होत्या. महिन्याभरात ते गेले. तेव्हा बाबा चुकले असं मी तरी म्हणणार नाही. पण तुम्ही शेजाऱ्यांकडे बघूनच वाजवा.

माझं मत विचाराल तर, एकटे असाल, गुडघे शाबूत असतील, तर आधी ऑपेरा, उभ्याने. नाही आवडलं तर मध्यंतरात निघता येतं, फार पैसे बुडत नाहीत. आईवडील सोबत असतील तर म्युझिकफेराइन, आणि खुर्चीच घ्या. खर्च तिथेच करा. नाट्यसंगीतवाले आईवडील असतील तर त्यांच्यासाठी ऑपेराची समोरची खुर्ची. दोन्हीकडे कोट बाहेर जमा करावा लागतो आणि उशीर झाला तर दार उघडत नाहीत, म्हणून अर्धा तास आधी पोचा. साडी चालते. चालते कसली, अनोळखी लोक थांबून कौतुक करतात.

आता सगळ्यात मोठी अडचण. आपले आईवडील येतात कधी? जुलैत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद, म्युझिकफेराइनचा मुख्य हंगामही संपलेला. तेव्हा शहरात उरतात ते मुख्यतः विगवालेच. अशा वेळी संध्याकाळी राटहाउसच्या, म्हणजे महापालिकेच्या इमारतीसमोरच्या चौकात जा. उन्हाळाभर तिथे मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि मैफली फुकट दाखवतात, भोवती खाण्याचे स्टॉल असतात. अंधार पडल्यावर, म्हणजे नऊच्या पुढे सुरू होतं, तेव्हा आईसाठी शाल न्या. आणि तिकिटं काढायच्या आधी त्यांना सप्टेंबरात यायला जमतं का, एवढं विचारून बघा.