फिक्स्ड ओव्हरक्लॉक की कर्व्ह ऑप्टिमायझर? रायझन ५६००एक्स मध्येच बंद पडत असेल तर

एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा सहा कोअरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायच्या, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायच्या, दोन वाटा आहेत. जुनी वाट फिक्स्डची: सहाही कोअरना बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) एकच मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) आणि एकच व्होल्टेज बांधून द्यायचं. दुसरी वाट पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याची मर्यादा सैल करणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझरची. तिच्यात प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं उतरवायचं, की वाचलेल्या उष्णतेच्या आणि विजेच्या जोरावर प्रोसेसर आपण होऊन वर चढतो. यातली वेगवान कोणती, याची चर्चा भरपूर होते. माझ्या मते निवड करताना त्याआधी एक प्रश्न विचारावा: उद्या पीसी रीस्टार्ट व्हायला लागला, तर दोष कुठे आहे हे तुम्हाला सापडेल का?

कुठलीही वाट धरा, आधी रॅम बाजूला काढा. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) बंद करून रॅम मूळ वेगावर आणा आणि मग पाहा. मेमरीच्या चुकीसाठी प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवत बसलेले लोक मी फार पाहिले आहेत. ३६००ची रॅम आणि १८०० मेगाहर्ट्झ फॅब्रिक (कोअर आणि मेमरी यांना जोडणारा प्रोसेसरमधला दुवा) ही जोडी सहसा त्रास देत नाही. पण फॅब्रिक १९००च्या पुढे रेटलं असेल आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) १९ क्रमांकाच्या नोंदी साचत असतील, तर कोअरच्या मागे लागण्याआधी फॅब्रिक खाली आणा.

फिक्स्ड ओव्हरक्लॉकची मोठी जमेची बाजू म्हणजे तो चुकला की लगेच कळतं. समजा ४.६ गिगाहर्ट्झ आणि १.२५ व्होल्ट लावले. प्राइम९५ या प्रोसेसरला ताण देणाऱ्या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी टेस्ट सुरू केली की एकतर थोड्या वेळात निळा स्क्रीन येतो, नाहीतर एखादा वर्कर राउंडिंगची चूक दाखवून थांबतो आणि बाकीचे चालू राहतात. मग मल्टिप्लायर पाव पायरी, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ, खाली घ्यायचा आणि पुन्हा टेस्ट लावायची. एक गोष्ट मात्र बघाच: बायोसमध्ये भरलेलं व्होल्टेज आणि लोड आल्यावर कोअरला मिळणारं व्होल्टेज वेगळं असतं. एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसव्हीआय२ची (कोअरला खरोखर मिळणाऱ्या व्होल्टेजची) ओळ उघडी ठेवा. लोड येताच आकडा फार घसरत असेल, तर लोड-लाइन कॅलिब्रेशन (ही घसरण भरून काढणारी बायोसमधली सेटिंग) एक पायरी वाढवा. थेट शेवटच्या पायरीवर नेऊ नका, कारण लोड सुटताना व्होल्टेज उसळतं.

तोटाही तितकाच ठळक आहे. हा प्रोसेसर कारखान्यातूनच एका कोअरवर ४.६पर्यंत बूस्ट होतो. तुमचा फिक्स्ड आकडा ४.५वर अडकला, तर रेंडर लवकर संपेल, पण एकाच कोअरवर भार टाकणारा गेम आधीपेक्षा मागे पडेल. शिवाय ‘ऑटोमध्ये १.४५ दिसतं, म्हणजे तेवढं चालतं’ असं समजून फिक्स्डला तो आकडा लावणं घातक आहे. ऑटोमध्ये तो हलक्या लोडला, कमी करंट असताना येतो. सहाही कोअर तापलेले असताना तेच व्होल्टेज दिलं, तर चिप झिजते.

कर्व्ह ऑप्टिमायझरचं दुखणं वेगळं, आणि मला तरी जास्त छळणारं. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि उणे ३०पर्यंत जाता येतं. मी सगळ्या कोअरना सरसकट उणे २५ लावलं होतं. प्राइम९५ रात्रभर चाललं, सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टचा स्कोअर वाढला, मी खूश. दोन दिवसांनी ब्राउझरमध्ये नुसता लेख वाचत असताना स्क्रीन काळा झाला आणि पीसी रीस्टार्ट. ना निळा स्क्रीन, ना आवाज. कारण सरळ आहे: सगळ्या कोअरवर लोड असताना वेग खाली असतो. एकच कोअर क्षणभर ४.६च्या वर उडी मारतो तेव्हा त्याला व्होल्टेज पुरत नाही.

इथे उत्तर इव्हेंट व्ह्यूअरमध्येच मिळतं. व्हीया-लॉगरची १८ क्रमांकाची नोंद उघडली, त्यात एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) ४ होता. एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून दोनाने भागायचं: कोअर २ (मोजणी शून्यापासून). एएमडीच्या रायझन मास्टर या प्रोग्रॅममध्ये तोच कोअर सर्वांत चांगल्या कोअरचा तारा लावून मिरवत होता. यात नवल नाही. सर्वांत चांगला कोअर आधीच कमी व्होल्टेजवर जास्त धावत असतो, त्याच्याकडे उतरवायला फारसं उरलेलं नसतं. त्याला उणे ८ केलं, बाकीचे उणे २०वर आणले. मग कोअरसायकलर लावला, जो एका वेळी एकाच कोअरला ताणतो, आणि तीन रात्री तो चालू ठेवला. त्यानंतर ती नोंद पुन्हा आली नाही.

तर निवड अशी. दिवसभर ब्लेंडर किंवा व्हिडिओ एन्कोडिंग चालत असेल आणि कूलर दणकट असेल, तर फिक्स्ड घ्या. गेम आणि रोजचं काम असेल, तर कर्व्ह ऑप्टिमायझर घ्या, पण कोअरनिहाय आणि तीन-चार रात्री टेस्टला द्यायची तयारी असेल तरच. तेवढा वेळ नसेल तर सरसकट उणे १०वर थांबा. वॉरंटीच्या बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच, कारण एएमडीच्या अटींत पीबीओही ओव्हरक्लॉकिंगच धरलं जातं.

नागपूर-अकोल्याकडच्यांना एक कळकळीची विनंती. जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासा. कूलर हवेचा असो की पाण्याचा, खोलीच्या तापमानाखाली तो जाऊ शकत नाही, आणि जानेवारीत ७८ अंशांवर राहणारा प्रोसेसर मेच्या दुपारी सहज ९०ला टेकतो. टेस्ट दुपारी तीनला लावा, पहाटे नको.